कडी झाळलेली चवली

धोंड्याचा महिना लागला हे मला पंचांगातून कळत नाही. स्वयंपाकघरात अनारशांसाठी तांदूळ भिजत पडले, बहिणीच्या नवऱ्याला कोणत्या रविवारी बोलवायचं याची चर्चा सुरू झाली आणि आई माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करू लागली, की समजायचं, अधिकमास आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना जावयांना फार मानवतो. आमच्या घरात तो मला एकट्यालाच मानवत नाही.

यंदा तो ज्येष्ठात आलाय. दुपारी गच्चीवर पाय टाकवत नाही. कूलर आहे, पण त्यात ओतायला पाणी पाहिजे, आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी येण्याचा दिवस देवालाही नक्की सांगता येत नाही. मागचा धोंडा श्रावणात होता. पंचांगात श्रावण दोन, आणि पाऊस एकाचाही धड नाही. ढग यायचे, आशा लावायचे, लग्नाला येऊन जेवण न करता जाणाऱ्या पाहुण्यासारखे निघून जायचे. तो कोरडा, चिकट, कुंद श्रावण मला अजून अंगाला लागल्यासारखा आठवतो, कारण त्याच श्रावणात मी नाण्यांचा छंद लागलेला माणूस होतो आणि त्याच श्रावणात माझं नाणं गेलं.

माझं आयुष्य शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत माल नापास करण्यात गेलं. क्वालिटी विभाग. केसाएवढा फरक निघाला की लाल खडूनं फुली मारायची आणि तो भाग बाजूच्या पेटीत टाकायचा. लोक मला तोंडावर साहेब आणि पाठीमागं फुलीवाला म्हणायचे, आणि मला दोन्ही नावांचा अभिमान होता. निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात दादा गेले. दादा म्हणजे माझे वडील. पैठणला गंगेत त्यांच्या अस्थी सोडल्या. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगाच.

त्यांचं कपाट आवरताना औषधाच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी निघाली. तीत कोटाची दोन बटणं, एक वाकडा खिळा आणि एक चवली. चवली म्हणजे दोन आणे. निजामाच्या राज्यातली, तिथल्या हाली चलनातली, चांदीची, अंगठ्याच्या नखाएवढी. एका अंगाला चारमिनार, दुसऱ्या अंगाला मला न वाचता येणारी अक्षरं. कडेला एक ओबडधोबड फुगवटा होता. दादा तान्हे असताना त्यांच्या आजीनं सोनाराकडून तिथं कडी झाळून, म्हणजे डाग देऊन जोडून घेतली होती आणि काळ्या दोऱ्यात ओवून चवली त्यांच्या गळ्यात घातली होती. कडी पुढं कधीतरी तुटली. झाळ तेवढी राहिली.

मला छंद लागला तो या चवलीमुळं. आणि छंदात पडल्यावर पहिली फुली मारली तीही हिच्यावरच.

झालं असं, की मी मोबाईलवरच्या नाणीवाल्यांच्या एका गटात शिरलो आणि मोठ्या हौसेनं चवलीबद्दल विचारलं. तिथल्या एका जाणत्यानं दोन ओळींत निकाल दिला. कडी झाळलेलं नाणं संग्रहाच्या कामाचं नाही, मोडीत चांदीचा भाव येईल तेवढाच. मला ते पटलंसुद्धा. दोष म्हणजे दोष. मी चवली पुन्हा डबीत टाकली, डबी देवघराच्या फळीवर कापराच्या पुड्यांशेजारी ठेवली आणि निर्दोष नाण्यांच्या शोधात शहागंजाच्या जुन्या बाजारात गेलो. आईनं विचारलं तेव्हा म्हणालो, "मोडीची आहे गं ती." हे वाक्य मी आजवर किती वेळा गिळायचा प्रयत्न केला असेल, पण ते घशाखाली उतरत नाही.

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याकडून आत गेलं की अत्तर, मेहेंदी, चपला, खजूर, ॲल्युमिनियमची पातेली, सगळं एकमेकांच्या अंगावर रेललेलं. फुटपाथवर एक इसम रुमाल पसरून नाणी मांडायचा. त्याच्याकडं सगळंच होतं. राजे होते, बादशहा होते, राण्या होत्या. एक तर चक्क हनुमानाचं नाणं होतं, खाली कंपनी सरकारचं नाव. मी भारावलो. केसाचा फरक ओळखणाऱ्या माणसाला एवढा साधा प्रश्न पडला नाही, की कंपनी सरकारला मारुतीची भक्ती कधीपासून लागली? पडला नाही. छंदाचं पहिलं वर्ष म्हणजे प्रेमात पडल्यासारखं असतं, समोरच्याचे दात किती पुढं आलेत ते दिसत नाही. मी जाड पुठ्ठ्याचा अल्बम घेतला, प्लास्टिकच्या खिशांचा. पहिल्या पानावर हनुमान. दर रविवारी एक पान भरायचं, संध्याकाळी सगळ्यांना दाखवायचं. घरातल्या कुणाला त्या अल्बमला हात लावायची परवानगी नव्हती.

मग तो धोंड्याचा महिना. शेजारच्या बायकांनी मिळून जीप ठरवली आणि आई त्यांच्याबरोबर पैठणला गंगेच्या स्नानाला गेली. दिवे लागायच्या वेळेला परतली. लुगड्याचा काठ ओला, पिशवीत प्रसादाचे चुरमुरे, चेहऱ्यावर काम उरकून आल्याचं समाधान. मी कापूर घ्यायला फळीवर हात घातला आणि डबी उचलली. ती वाजली, पण बटणांसारखी वाजली.

"आई, चवली कुठाय?"

"गंगेला दिली."

"दिली म्हणजे?"

"दिली म्हंजे सोडली. धोंड्यात गंगेला चांदी द्यावी, नायतर तांबं. आताची नाणी नुसतं लोखंड. लोखंड कामून फेकावं आईच्या अंगावर?"

"अगं, घरात एवढी नाणी पडलीत. पूर्ण अल्बम भरलाय!"

"ती तुझी मोलाची हायेत. पलास्टिकात घातल्याली. त्येला म्या हातबी लावला नाय, तुला आवडत नाय म्हणून." आई पदर पिळत म्हणाली. "ही तर डबीत पडून व्हती. मोडीची हाय म्हणून तूच म्हणाला व्हतास."

मी काही बोलणार तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "आन् ज्यांच्या गळ्यातली व्हती, त्यांच्याकडंच धाडली की. त्ये तिथंच हायेत ना?"

आता यावर रागवायचं कसं? राग तर असा आला होता की कानशिलं तापली होती. पण तिनं रागाला पाय ठेवायला जागाच ठेवली नव्हती. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. आतून तिचा आवाज येत होता, ती सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, घाटावरच्या गर्दीचं वर्णन सांगत होती आणि चुरमुरे सारखे वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पैठणला गेलो. बसमधून उतरून थेट घाटावर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरलो. पाऊस नसल्यानं पाणी थोडंच होतं, आणि त्या थोड्या पाण्यात धोंड्याच्या गर्दीनं सोडलेलं सगळं तरंगत होतं. द्रोण, वाती, फुलं, हळदीचा तवंग. तळाशी पाय घातला की गाळ बोटांतून वर यायचा. मी वाकून मुठीमुठीनं गाळ काढला, चोळला, सोडला. स्टीलची नाणी मिळाली, एक बांगडीचा तुकडा मिळाला. घाटावर दिवे विकणारी एक बाई बराच वेळ बघत होती.

"काय हरवलं, काका?"

"नाणं. चुकून पडलं."

"पडलं का सोडलं?"

मी पुन्हा गाळात हात घातला. "सोडल्यालं कुणी माघारी मागतं व्हय?" असं म्हणून तिनं पुढच्या गिऱ्हाइकाच्या द्रोणात वात लावून दिली. मला तिचाही राग आला. त्या महिन्यात मला सगळ्यांचाच राग येत होता, कारण सगळे बरोबर बोलत होते.

एकदा घसरण लागली की ती मधे थांबत नाही. त्या कुंद हवेत अल्बमच्या स्वस्त प्लास्टिकनं घाम सोडला आणि नाण्यांवर हिरवा चिकट थर आला. अल्बम काखेत मारून मी शहागंजातच, पण दुकान असलेल्या हाफिजभाईंकडं गेलो. जुनी पितळी भांडी, कंदील, अडकित्ते आणि काचेखाली नाण्यांच्या थाळ्या. हाफिजभाईंनी चहा मागवला. एकेक पान उलटलं. कपाळावर आठी नाही, ओठांवर हसू नाही. शेवटचं पान मिटून त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अल्बम अच्छा है, साब."

सगळीच्या सगळी खोटी. ओतीव. कडेला साच्याची रेघ होती, ती मला, फुलीवाल्याला, दिसली नव्हती. म्हणजे वर्षभरात घरात खरं नाणं एकच आलं होतं, तेही फुकट, आणि त्याला मी सोडून सगळ्यांनी ओळखलं होतं.

तेव्हापासून कुणी मला विचारलं, की नाणी जमवायची सुरुवात कशी करावी, तर मी एकच सांगतो. बाबा रे, आधी घरचे डबे बघ. आजीची गाठोडी, देवघराचा कोनाडा, शिवणयंत्राचा खण. जे घरात आहे त्याची गोष्ट विचारून घे, गोष्ट सांगणारं माणूस आहे तोवर. मग एक पुस्तक घे, मग भिंग, मग वजनाचा काटा, आणि नाणं सगळ्यात शेवटी. चिंच लावून घासू नकोस, कडेला धरून बघ, दुकानदाराची ओळख झाल्याशिवाय पाकीट काढू नकोस. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं, त्यावरून कोणत्या निजामाचं ते कळतं, एवढं एक शिकायला मला किती दिवस लागले ते सांगतो. ऐकणारा मान हलवतो आणि विचारतो, "ते ठीक आहे, पण ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेचे किती येतील?" मोबाईलवर कुणीतरी लाखांचे आकडे पाठवलेले असतात, आधी थोडे पैसे भरा म्हणून सांगितलेलं असतं. मी घसा फोडून सांगतो की भरू नका. ते भरतात. मग पुन्हा येतात आणि माझ्याकडंच असं बघतात, जसा काही तो निरोप मी पाठवला होता. कंपनीतला एक जुना सोबती तर अजून बोलत नाही.

आणि मी स्वतः काय करत होतो? तीन वर्षं हाफिजभाईंच्या थाळ्यांत चवली शोधत होतो. गंगेत सोडलेली नाणी काही जण गाळ चाळून काढतात, चांदीची असली तर ती फिरत फिरत बाजारात येतात, हे मला कळलं होतं. तेवढ्यावर मी लटकलो. दर आठवड्याला जायचं, थाळी पुढं ओढायची, चवल्या वेगळ्या करायच्या आणि चांगल्या सगळ्या परत सारायच्या.

"लोगां बेदाग माल ढूंढते, तुम खराब ढूंढते," हाफिजभाई म्हणायचे. "मेरे कू तो तुम्हारा शौकच समझ में नै आता."

"कडी झाळलेली पाहिजे, हाफिजभाई."

"कडी ऊपर थी के नीचे थी? मिनार की तरफ थी के पाये की तरफ?"

इथं मी अडायचो. खरंच सांगतो, मला आठवत नव्हतं. शेंद्र्यात ज्या भागावर फुली मारली त्याचं मापसुद्धा मी लिहून ठेवायचो. दादांच्या चवलीचा मी एक फोटो काढला नव्हता. हनुमानाचे मात्र मोबाईलमध्ये ढीगभर फोटो होते, उजेड बदलून बदलून काढलेले. आईला विचारावं तर तिच्यापुढं चवलीचा विषय काढायचा नाही, असा मीच नेम केला होता. तिनंही तो कधी काढला नाही. एका घरात राहून आम्ही दोघं एका नखाएवढ्या नाण्याला वळसा घालून चालत होतो.

यंदा धोंडा लागला आणि चार दिवसांत हाफिजभाईंचा फोन आला. "आव साब. तुम्हारा खराब माल आया."

मी भर उन्हात निघालो. थाळीत ती एकटीच ठेवली होती. चवली, चांदी काळवंडलेली, कमानीत ते अक्षर, कडेला झाळलेल्या कडीचा फुगवटा. ती कुणाकडून आली ते हाफिजभाईंना ठाऊक नव्हतं, मोडीच्या चांदीत आली होती. मी भिंग काढलं नाही, काटा मागितला नाही, भाव विचारला नाही. लोकांना शिकवलेले सगळे नियम मी एका मिनिटात पायदळी तुडवले. खिशात हात घालून चवली मुठीत धरूनच रिक्षात बसलो आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला आईशी बोलायची घाई झाली.

आई स्वयंपाकघरात खसखशीवर अनारसे थापत होती. मी तिच्यापुढं तळवा उघडला. तिनं हात पुसले. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नाही, तिनं बोटांनीच चवली चाचपली, फिरवली, फुगवट्यावर नख ठेवून थांबली.

"ही आपली नाय."

"अगं, नीट बघ तरी."

"काय बघू? हिला कडी वरून हाय, मिनाराकडून. आपल्या चवलीला खालून व्हती."

"खालून? म्हणजे चारमिनार उलटा लोंबायचा?"

"लोकाला उलटा. लेकरानं गळ्यातली चवली उचलून बघितली, म्हंजे त्येला सुलटा दिसावा. तुझ्या पणजीनं सोनाराशी भांडून तशी झाळून घेतली व्हती. सोनार म्हणायचा, म्हातारे, लोक हसतील. ती म्हणली, लोकासाठी नाय घालत." आई हसली. "तुला बी लई नाद व्हता. बसल्या जागी उचलून बघायचास."

"माझ्या गळ्यात होती?"

"मंग? तूच तर चावून चावून कडी तोडलीस. तवापासून डबीत पडली ती."

मी खाली पाटावर बसलो. ज्या दोषापायी मी ती नापास केली, तो माझ्याच दातांचा होता. मला काही आठवलं नाही, आठवायला मी फार लहान असणार. पण मान खाली घालून हनुवटीशी धरलेलं एखादं नाणं लहान मूल कसं बघत असेल ते डोळ्यांपुढं आलं, आणि मला खूप रडावंसं वाटलं. रडलो नाही. कढईतल्या तुपाचा वास सुटला होता आणि आईनं पुढचा अनारसा सोडला होता.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "बरं, मग तू पैठणला जाशील तेव्हा ही सोड गंगेत. चांदीचीच आहे."

"दुसऱ्याची कशी सोडू?"

"दुसऱ्याची कशी? विकत घेतलीय मी."

"पैशे दुकानदाराला दिले तू. ज्या लेकराच्या गळ्यातली हाय, त्येच्या घरी कुणाला इचारलं का?" तिनं चवली माझ्या हातात परत ठेवली आणि माझी बोटं मिटली. "ठेव डबीत. कुणी हुडकत आलं तर? तू नाय का हुडकत हिंडत, दर आठवड्याला. मला काय ठाव नाय व्हय?"

शहागंजात मी कशाला जातो ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. हे ऐकून पुन्हा जुना राग वर आला, पण आता तो कुणाचा आणि कुणावर, तेच कळेना.

आई परवा पैठणला जाऊन आली. रिकाम्या हातानं गेली होती, ओंजळीनं गंगेचंच पाणी गंगेला वाहिलं म्हणाली.

चवली डबीत ठेवलीय, बटणांजवळ. मी तिचे फोटो काढले, दोन्ही बाजूंचे, फुगवट्याचेही. मग हाफिजभाईंना फोन लावला. म्हटलं, कुणी चवली शोधत आलं, मिनाराच्या वरच्या कडेला कडी झाळलेली, तर माझा नंबर द्या.

पलीकडं भांडी सरकवल्याचा आवाज आला.

"साब," हाफिजभाई म्हणाले, "इस शहर में तुम्हारे जैसा और भी कोई है क्या?"

"असेल," मी म्हणालो. "तुम्ही नंबर लिहून ठेवा."